व्हजायनिस्मस: भीतीचा कंटाळा येईपर्यंत

आमचं लग्न फेब्रुवारी २०२१ मध्ये झालं. त्यानंतर तीन वर्षांहून थोडा जास्त काळ आमच्यात शरीरसंबंध होऊ शकला नाही. त्यातली पहिली सव्वादोन वर्षं तर याला काही नाव असतं, यावर उपचार असतात, हेच मला माहीत नव्हतं. मराठीत शोधायला गेलं की गुप्तरोगवाल्यांच्या जाहिराती नाहीतर ‘पतीशी मोकळेपणाने बोला’ छाप दोन ओळी मिळायच्या. म्हणून तारखा, खर्च आणि अडचणींसकट सगळं लिहून ठेवतेय. माझं नाव देत नाही. फोंड्यात राहते, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत अकाउंट्स बघते, एवढी ओळख पुरे.

नेमकं काय व्हायचं ते आधी सांगते, कारण अनेक जणी इथंच अडकतात. इच्छा नव्हती असं अजिबात नव्हतं. जवळ येणं, मिठी, बाकी सगळं आवडायचं. पण आत जायचा प्रयत्न सुरू झाला की मांड्या आपोआप आवळायच्या, कंबर गादीवरून उचलली जायची, श्वास अडकायचा. पुढे जागाच नाही असं दोघांनाही वाटायचं. जोर केला तर आग व्हायची आणि ती नंतर तासभर राहायची. लग्नाआधी मी कधी टॅम्पॉन, म्हणजे पाळीत आत ठेवायचा बोळा, वापरला नव्हता, आतून तपासणी करायची वेळही आली नव्हती, त्यामुळे असं काही आहे हे कळायला कारणच नव्हतं. पहिले काही महिने आम्ही ‘नवीन आहे, होईल’ म्हणून काढले. मग प्रयत्नच कमी होत गेले. रात्री मी मुद्दाम उशिरापर्यंत कपड्यांच्या घड्या घालत बसायची आणि तो मोबाइल घेऊन आधीच झोपलेला असायचा, निदान तसं दाखवायचा.

घरात अर्थातच दुसराच हिशेब चालू होता. २०२२ च्या चवथीला, म्हणजे गणपतीत, सासरच्या मूळ घरी डिचोलीकडे सगळे जमलो होतो. गणपतीवरच्या माटोळीला फळं बांधता बांधता एका काकींनी विचारलंच, “औंदा तरी गोड बातमी गे?” सासूबाई, म्हणजे आमच्या आई, स्वभावानं चांगल्या आहेत, पण त्या दिवसांत त्यांनी ग्रामदेवतेला प्रसाद लावला, म्हणजे पाकळ्या चिकटवून कौल मागितला. पाकळी उजवीकडून पडली म्हणून त्या खूश झाल्या आणि मी आणखी घाबरले. देवीनं होकार दिला, आता उरलं ते सगळं माझ्यावर आलं, असं वाटलं. हसू येतं आता, पण तेव्हा चार दिवस मला जेवण गेलं नव्हतं.

डॉक्टरांकडे आम्ही त्याआधीच, नोव्हेंबर २०२१ मध्ये गेलो होतो. कुठल्या गावात, ते लिहीत नाही. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं आणि टेबलावर झोपायला सांगितलं. उपकरण जवळ आणल्याबरोबर मी सरकत सरकत टेबलाच्या वरच्या टोकाला पोचले. “अगं, सैल सोड, एवढं काय? मुलं कशी होणार तुला?” हे वाक्य पुढे कित्येक महिने माझ्या कानात होतं. त्यांनी बधिर करणारी लिग्नोकेनची जेली लिहून दिली आणि आधी थोडी वाईन घ्यायचा सल्ला दिला. जेलीनं बाहेरची कातडी बधिर झाली, स्नायू होते तसेच राहिले. दुसऱ्या ठिकाणी पडदा जाड असेल, छोटं ऑपरेशन करून टाकू, असं सांगून अंदाजपत्रक हातात ठेवलं. तपासणी नीट झालेली नसताना पडदा जाड आहे हे कशावरून ठरवलं, असं नवऱ्यानं विचारलं. त्याचं उत्तर आलं नाही, म्हणून आम्ही परत गेलो नाही. त्याच्या त्या एका प्रश्नाचे मी अजून आभार मानते.

जून २०२३ मध्ये ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं पणजीतल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंचं नाव सुचवलं. अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनंतरची मिळाली. केसपेपरवर ‘तक्रार’ म्हणून काय लिहायचं ते सुचेना, तर काउंटरवरच्या मुलीला मी ‘तपासणीला त्रास होतो’ एवढंच सांगितलं. तेवढं पुरतं. बाहेर लोक बसलेले असताना सगळं सांगायची गरज नसते.

आत गेल्यावर डॉक्टरांनी पहिलंच वाक्य म्हटलं, “आज मी तपासणार नाही. टेबलाकडे बघूसुद्धा नका. बसा आणि सांगा.” मला रडू फुटलं. अर्धा तास त्यांनी प्रश्न विचारले. पाळीत दुखतं का, लघवीला जळजळ होते का, बोट कधी आत घातलंय का, लहानपणी कुणी त्रास दिला होता का, घरात या विषयावर काय बोललं जायचं. माझ्या बाबतीत अत्याचाराचा इतिहास नव्हता. पण आठवीत असताना एका थोरल्या बहिणीनं पहिल्या रात्रीबद्दल रक्ताच्या भयंकर गोष्टी सांगितल्या होत्या, आणि त्या मी पुढे कधी तपासून बघितल्याच नव्हत्या. प्रत्येकीचं कारण वेगळं असतं आणि कित्येकींना कारण सापडतही नाही. उपचार मात्र त्यामुळे अडत नाहीत, असं त्या म्हणाल्या.

मग त्यांनी नाव सांगितलं: व्हजायनिस्मस. डोळ्याजवळ काही आलं की पापणी मिटते, ती आपण ठरवून मिटत नाही. योनिमार्गाभोवतीचे, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू तसेच आपोआप आवळले जातात. आवळल्यावर दुखतं, दुखल्यामुळे भीती वाढते, भीतीमुळे पुढच्या वेळी आणखी आवळतात. आणि दरवेळी टाळलं की मेंदूला वाटतं, बरं झालं, वाचलो. टाळण्यातच ते पोसलं जातं. उपाय म्हणजे घाबरवणारी गोष्ट अगदी लहान मापात, आपल्या ताब्यात ठेवून, पुन्हा पुन्हा करायची. इतकी की त्या मापाचा कंटाळा यावा. मग पुढचं माप.

हे ‘कंटाळा’ ऐकून मला पहिल्यांदा बरं वाटलं. धैर्य माझ्याकडे नव्हतंच. कंटाळा मला येऊ शकत होता.

घरी येऊन मी वाचत बसले. ‘व्हजायनिस्मस’ हे नाव १८६१ मध्ये सिम्स या अमेरिकन डॉक्टरनं दिलं. हा तोच माणूस, ज्यानं गुलाम स्त्रियांवर भूल न देता शस्त्रक्रिया करून आपलं तंत्र बसवलं. त्याचा या आजारावरचा उपायही कापाकापीचाच होता, त्यामुळे मला मिळालेलं ते ऑपरेशनचं अंदाजपत्रक आठवून अंगावर काटा आला. १९७० मध्ये मास्टर्स आणि जॉन्सन यांनी जोडप्याला बरोबर घेऊन, डायलेटरच्या, म्हणजे योनिमार्गात ठेवायच्या गुळगुळीत कांड्यांच्या, चढत्या मापांनी उपचार मांडले. २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला: कधीच संबंध न जमलेल्या ७० बायका, त्यातल्या ३५ जणींना तज्ज्ञाच्या समोर, स्वतःच्या हातानं सराव करायला लावला. त्यातल्या ३१ जणींना नंतर संबंध जमला. नुसत्या वाट बघणाऱ्या ३५ जणींपैकी ४ जणींना. मी आकड्यांची माणूस आहे, ३५ पैकी ३१ हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

डॉक्टरांनी दोन चिठ्ठ्या दिल्या होत्या, एक पेल्विक फ्लोअरची, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या याच स्नायूंची, फिजिओथेरपी करणाऱ्या बाईंसाठी, एक सायकॉलॉजिस्टसाठी. फिजिओ पणजीतच मिळाल्या. त्यासाठी मी बऱ्याच ठिकाणी फोन केले होते, त्यातून शिकलेलं सांगते. ‘पेल्विक फ्लोअर’ म्हटल्यावर बहुतेक ठिकाणी बाळंतपणानंतरचे किंवा लघवी गळण्यावरचे व्यायाम शिकवतात, म्हणजे स्नायू आवळायचे, केगलचे. आपले स्नायू आधीच आवळलेले असतात, आपल्याला सोडायला शिकायचं असतं. म्हणून फोनवरच विचारा: व्हजायनिस्मसचे पेशंट बघता का, आणि पहिल्या भेटीत आतून तपासता का? दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं तर दुसरीकडे फोन करा.

सायकॉलॉजिस्ट पुण्याच्या, ऑनलाइन. आमच्या घराच्या भिंती पातळ, आणि आई दुपारी बाहेरच्या खोलीतच पडतात. शेवटी मी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर गाडी घेऊन फर्मागुडीला जायची, झाडाखाली गाडी लावायची, काचा वर करायच्या आणि मोबाइल स्टीअरिंगला टेकवून बोलायची. जुलैच्या पावसात एसी चालू ठेवला नाही तर काचांवर वाफ धरायची, आणि बाहेरून बघणाऱ्याला काय वाटत असेल या विचारानं मला आणि त्यांनाही हसू यायचं. सायकॉलॉजिस्टची फी एका वेळी १,५०० रुपये, फिजिओची १,२००. सुरुवातीला दोन्ही आठवड्याला एकदा, नंतर पंधरा दिवसांनी, शेवटी महिन्यानं. फिजिओच्या दिवशी अर्धा दिवस रजा टाकून कुंडईच्या थांब्यावरून पणजीची बस धरायची. बाणस्तारीच्या पुलापर्यंत मी ठीक असायची, जुनं गोवं आलं की पोटात गोळा यायचा. हे पहिले काही आठवडेच. एचआरला मी ‘पाठीची फिजिओथेरपी’ सांगितलं होतं आणि त्याचं मला काही वाटत नाही.

सायकॉलॉजिस्टनी पहिली अट घातली ती दोघांना मिळून: त्या सांगेपर्यंत संबंधाचा प्रयत्न पूर्ण बंद. जवळीक करा, पण त्याचं टोक तिथं नसणार हे दोघांना आधीच माहीत हवं. नवऱ्याचा चेहरा पडेल असं वाटलं होतं, पण त्यानं सुटकेचा श्वास टाकला. त्याच्यावरही किती ताण होता हे मला त्या दिवशी कळलं. आपण तिला दुखावतोय या भावनेनं त्यालाही अलीकडे जमेनासं झालं होतं आणि ते तो एकट्यानंच वागवत होता. असं होणं अगदी नेहमीचं आहे, असं त्या म्हणाल्या.

मग वही. घाबरवणाऱ्या गोष्टींची पायऱ्यांनी यादी करायची आणि प्रत्येकीला शून्य ते शंभर भीतीचे गुण द्यायचे. माझ्या यादीत पुस्तकातली आकृती बघणं २०, आरशात स्वतःला बघणं ४५, बाहेरून हात लावणं ५५, करंगळीचं पहिलं पेर आत घालणं ८०, डॉक्टरांचं उपकरण ९५ आणि संबंध १००. सरावाआधी लिहायचं, ‘काय होईल असं वाटतं?’ सराव झाल्यावर लिहायचं, ‘काय झालं?’ पहिल्या रकान्यात मी फाटेल, रक्त येईल, अडकून बसेल असं लिहायची. दुसऱ्या रकान्यात बहुतेक वेळा ‘काही नाही, थोडं ताणल्यासारखं’. ताळेबंद जुळत नव्हता आणि तो जुळत नाही हेच मला बघायचं होतं.

आरशाचा दिवस लक्षात आहे. गुरुवार होता, आई भजनाला गेल्या होत्या. नवऱ्याचा दाढीचा आरसा घेतला, पाठीशी दोन उशा, गुडघ्यांखाली एकेक. पहिली पाच मिनिटं मी आरसा धरून छताकडेच बघत होते. मग बघितलं. फिजिओनी सांगितलं होतं तसा पोटात श्वास घेतला, आणि तो सगळा भाग किंचित खाली आला, थोडा उघडला. श्वास सोडला, वर गेला. पुन्हा घेतला, पुन्हा खाली. मी काहीच करत नव्हते, फक्त श्वास घेत होते. एकतीस वर्षं ज्याच्याबद्दल फक्त बंद असल्याचीच खात्री होती तिथं हालचाल होती. वहीत ४५ चे २० झाले.

फिजिओकडे पहिल्या काही भेटींत कपडे काढायचा प्रश्नच आला नाही. त्यांनी जबडा दाबून बघितला, मग मांडीची आतली बाजू, कुल्हे. दात आवळून बसायची सवय असलेल्या बायका खालचे स्नायूही आवळून बसतात, असं त्यांचं म्हणणं. ऑफिसात महिनाअखेरीला माझा जबडा दुखतो, त्याचा अर्थ तेव्हा लागला. आतून हात लावायच्या आधी त्यांनी माझ्याकडून एक विचित्र सराव करून घेतला. त्या माझ्या गुडघ्यावर हात ठेवायच्या आणि मी, काही कारण नसताना, ‘थांब’ म्हणायचं. म्हटलं की हात उचलला जायचा. लगेच, प्रश्न न विचारता. पुन्हा हात, पुन्हा ‘थांब’. सुरुवातीला माझ्या तोंडून शब्दच फुटेना, मी ‘सॉरी, थांबा ना जरा’ असं काहीतरी पुटपुटायची. त्या म्हणाल्या, “सॉरी नको. नुसतं ‘थांब’ म्हण.” कित्येक वेळा म्हटल्यावर अंगाला पटलं की इथं आपण म्हटलं की थांबतं. ऑगस्टमध्ये जेव्हा खरंच हातमोजा घातलेलं एक बोट पेरभर आत गेलं तेव्हा मी ‘थांब’ म्हटलंच नाही, कारण म्हणता येतं हे माहीत होतं.

त्याच सुमारास डॉक्टरांनीही ओल्या कापसाच्या काडीनं बाहेरच्या भागाला हलकेच टेकवून तपासलं. जंतुसंसर्ग, कातडीचा आजार किंवा तिथल्या मज्जातंतूंचं दुखणं असेल तर नुसत्या सरावानं आग थांबत नाही, त्याचे उपचार वेगळे. माझ्यात तसं काही निघालं नाही. ही तपासणी टाळू नका, मात्र ती तुमची तयारी झाल्यावर व्हायला हवी. स्नायू सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन हाही पर्याय असतो, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. मला तिथवर जावं लागलं नाही.

डायलेटरचा संच ऑनलाइन मागवला, सिलिकॉनचा, चार हजारांच्या आसपास. पार्सल आलं नेमकं शनिवारी आणि घेतलं आईंनी. “काय गे आलं हे, एवढं हलकं?” मी म्हटलं, पाठीच्या व्यायामाचं. वर फक्त कंपनीचं नाव होतं. पण पत्ता ऑफिसचा दिलात किंवा कुरिअरच्या ऑफिसातून स्वतः आणलंत तर काळीज कमी धडधडेल. संच मी साड्यांच्या कपाटात, पैठणीच्या पिशवीत ठेवायची, कारण ती पिशवी लग्नसराईशिवाय कुणी उघडत नाही.

कामाच्या बारीक गोष्टी एकत्रच सांगते. पाण्यावर आधारलेलं ल्युब्रिकंट वापरा आणि हात आखडता घेऊ नका. सिलिकॉनच्या डायलेटरला सिलिकॉनचं जेल लावलं तर तो खराब होतो. खोबरेल तेल आपल्याकडे हाताशी असतं, पण कंडोम वापरत असाल तर तेलानं तो फाटू शकतो. आत जाताना दिशा सरळ वर नसते, मागे माकडहाडाकडे असते. हे कळल्यावर माझा निम्मा अडथळा गेला. टोक टेकवायचं, श्वास आत घेताना लघवीला सुरुवात करताना करतो तसं किंचित खाली सोडायचं, आणि तेवढ्यात जेवढं जाईल तेवढंच. दहापैकी तीनहून जास्त दुखलं तर थांबून मागच्या मापावर. पण नुसती धडधड होत असेल तर पळायचं नाही, आहे तिथंच राहायचं, गुण निम्मे होईपर्यंत. दुखणं आणि धडधड या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता येणं हाच पहिल्या दोन महिन्यांचा अभ्यास होता. दिवसाला पंधरा-वीस मिनिटं, आठवड्यातून चार-पाचदा. नंतर साबण-कोमट पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवायचं. पाळीत मी सुट्टी घ्यायची.

सप्टेंबर २०२३ मध्ये दुसऱ्या मापापर्यंत आले आणि १९ तारखेला चवथ आली. मूळ घरी माणसांचा हा राबता, न्हाणीघराला कडी असून नसल्यासारखी, सराव कुठला? परत आल्यावर दुसरं माप जाईना. मी सायकॉलॉजिस्टना म्हटलं, सगळं पुसलं गेलं. त्या म्हणाल्या, “पहिल्यावर जा. बघू किती दिवस लागतात.” आठवड्यात दुसऱ्यावर आले. ऑक्टोबरमध्ये लघवीचा संसर्ग झाला, तो औषधानं पूर्ण बरा होईपर्यंत डॉक्टरांनी सगळं थांबवलं. त्या दिवसांत पुन्हा घसरण होईल म्हणून मी धास्तावले होते, झाली ती थोडीच.

खरी गाडी अडली तिसऱ्या मापावर, आणि डिसेंबर संपेपर्यंत अडलेलीच होती. वही वैतागानं भरली होती. शेवटी फिजिओनी तीन गोष्टी बदलल्या. दुसरं माप दहा मिनिटं आत ठेवून मगच तिसरं घ्यायचं. पाठीवर झोपण्याऐवजी कुशीवर. आणि दोन मापांच्या मधलं एक सुटं माप वेगळं मागवलं, साधारण ९०० रुपये. संच घेतानाच दोन मापांत फार फरक नाही ना हे बघून घ्या, म्हणजे हा महिना वाचेल.

जानेवारीत एका रात्री, तिसरं माप आत असताना, मी छताकडे बघत जीएसटीचा विचार करत होते. ३बी रिटर्न भरायची २० तारीख जवळ आली होती आणि एका व्हेंडरचं क्रेडिट जुळत नव्हतं. कुठलं बिल राहिलं असेल ते मी मनातल्या मनात शोधत होते आणि मोबाइलचा गजर वाजला. वीस मिनिटं झाली होती. वहीत गुण लिहायचे तर काय लिहू? १० लिहिले. शेरा: ‘कंटाळा’. बिल दुसऱ्या दिवशी सापडलं.

मग नवरा सरावात आला. आधी त्याचं बोट, त्याच्या मनगटावर माझा हात. मग डायलेटर त्याच्या हातात, पण ढकलायचं मी. तो एका बाजूला क्रिकेटचा स्कोअर सांगायचा, कारण शांततेत आम्ही दोघंही जास्त घाबरायचो. स्वतःच्या हातानं ज्या मापाला १० गुण होते त्याला त्याच्या हातात ५० झाले. हे होणार असं सायकॉलॉजिस्टनी आधी सांगितलं होतं. भीती प्रत्येक नव्या परिस्थितीत पुन्हा नव्यानं उतरवावी लागते. फेब्रुवारीअखेर त्यांनी पुढची परवानगी दिली: मी वर, तो स्थिर, फक्त टोकापर्यंत, हालचाल नाही. त्याच्याबद्दल वहीत लिहायला तो तयार नव्हता, पण त्यानं ‘थांब’चा सराव माझ्याइतकाच मनापासून केला. मार्चमध्ये, शिगम्याच्या आधीच्या आठवड्यात, पूर्ण जमलं. थोडा वेळच. थोडी आग झाली, मग गेली. आम्ही दोघं उठून स्वयंपाकघरात गेलो आणि रात्री साडेअकराला फणसाचे तळलेले गरे खाल्ले. पुढच्या वेळी जमलं नाही, त्याच्या पुढच्या वेळी जमलं. सुख वाटायला लागलं ते आणखी एक-दोन महिन्यांनी. त्याची घाई करू नका, ते वेगळं काम आहे.

पैशांचं: सगळं मिळून साठ हजारांच्या आत बसलं, त्यात सायकॉलॉजिस्टचा वाटा मोठा. दीनदयाळ, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्यविम्याचं कार्ड माझ्या या ओपीडीच्या बिलांना उपयोगी पडलं नाही. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये ओपीडीसाठी थोडी रक्कम होती. त्या फॉर्मवर आजार लिहावा लागतो आणि तो फॉर्म एचआरमधून जातो. मी डॉक्टरांना अडचण सांगितली, तर त्यांनी आजाराचं नाव न लिहिता नुसता एन ९४.२ हा आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला कोड लिहून दिला. मानसिक बाजूनं निदान असेल तर एफ ५२.५ असतो. एचआरमधल्या मुलानं कोड बघून “पाठीचं ना?” विचारलं, मी “हो” म्हटलं. डॉक्टरांच्या भेटींचे पैसे मिळाले, फिजिओ आणि सायकॉलॉजिस्टची बिलं ‘समाविष्ट नाही’ म्हणून परत आली. मूळ पावत्यांच्या झेरॉक्स आधी काढून ठेवा. खाजगी परवडत नसेल तर बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी हॉस्पिटलात, स्त्रीरोग आणि फिजिओथेरपी हे दोन्ही विभाग आहेत आणि मानसोपचारासाठी आयपीएचबी हे सरकारी मनोरुग्णालयही बांबोळीलाच आहे. तिथं जाताना निदानाची चिठ्ठी किंवा कोड लिहिलेला कागद बरोबर असला तर प्रत्येक काउंटरवर पहिल्यापासून सांगावं लागत नाही.

आईंना मी सगळं सांगितलं नाही. नवऱ्यानं एवढंच सांगितलं की उपचार चालू होते, आता संपले, आणि मुलाचं आम्ही आमचं ठरवू. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “आमच्या वेळी कुणी विचारतच नव्हतं गे.” त्यांना नेमकं काय म्हणायचं होतं ते मी विचारलं नाही, कधीतरी विचारीन. काकींचा प्रश्न अर्थातच चालू आहे.

मे २०२४ मध्ये यादीतली ९५ गुणांची गोष्ट केली. पणजीच्या त्याच डॉक्टर, तेच टेबल. मी आधीच सांगितलं होतं की सर्वांत लहान माप वापरा, जेल लावा, आणि आत मी स्वतः घालीन. त्यांनी काही न बोलता उपकरण माझ्या हातात दिलं आणि दिशा दाखवली. ते उघडताना दाब आला, दुखलं नाही. वयाच्या तिशीनंतर करायची गर्भाशयमुखाची पॅप स्मिअर तपासणी माझी राहूनच गेली होती, ती तेव्हाच करून घेतली. भीतीचे गुण ३०, त्यातले निम्मे तरी तिथल्या गार एसीचे. रिपोर्ट आठवड्यानं व्हॉट्सॲपवर आला, नॉर्मल. पुढची तपासणी तीन वर्षांनी. महिन्यातून एखाद-दोनदा मी अजून मोठं माप घेऊन दहा मिनिटं सराव करते, विशेषतः संसर्ग किंवा प्रवासामुळे खंड पडला असेल तर. पैठणीची पिशवी मात्र आता रिकामी केलीय, कारण डिसेंबरात नणंदेचं लग्न आहे आणि ती आई उघडणारच.